नजर त्यांची, माल आमचा

शनिवारी दुपारी पुण्याहून येणाऱ्या गाड्यांत हल्ली एखादा तत्त्वज्ञ असतोच. जुन्नर पर्यटन तालुका झाल्यापासून यांची आवक वाढली आहे. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून-उतरून झाल्या, मासवडी-रस्सा ओरपून झाला, की हा गृहस्थ बाजेवर आडवा होतो आणि माझ्या टोमॅटोकडे बघत म्हणतो, "काका, खरं सांगायचं तर रंग असा काही नसतोच. तुम्हाला दिसणारा लाल आणि मला दिसणारा लाल एकच, हे कशावरून? ज्याचं त्याचं वास्तव वेगळं." मग बायकोला हाक मारून त्याच टोमॅटोशेजारी फोटो काढून घेतो. फोटोत लाल नीट आला नाही म्हणून पुन्हा काढायला लावतो.

मला या माणसाचा राग येतो. तो निखालस चूक बोलत असता तर सोडून दिलं असतं. तो अर्धं बरोबर बोलतो, आणि उरलेल्या अर्ध्याचे पैसे आमच्या खिशातून जातात. ज्याचा माल रंगावर विकला जात नाही त्याला जगात रंग नसला तरी चालतो. आमच्या पट्ट्यात तसं नाही. नारायणगावला हंगामात टोमॅटोची हजारो कॅरेट उतरतात, आणि वीस किलोच्या प्रत्येक कॅरेटचं नशीब कुणाच्या तरी डोळ्यावर ठरतं.

या मंडळींचा पुरावा ठरलेला आहे: तो ड्रेस. २०१५ च्या फेब्रुवारीत स्कॉटलंडमधल्या एका लग्नाच्या निमित्ताने काढलेला एका ड्रेसचा फोटो जगभर फिरला. काहींना तो निळा-काळा दिसला, काहींना पांढरा-सोनेरी, आणि दोन्ही पक्ष हट्टाला पेटले. कारण पुढे बऱ्यापैकी उलगडलं. डोळ्यात शिरलेला उजेड मेंदू जसाच्या तसा मानत नाही; वस्तूवर कसला प्रकाश पडला असावा याचा अंदाज बांधतो आणि तेवढा वजा करतो. त्या फोटोत प्रकाशाचा पत्ताच लागत नव्हता. ज्यांच्या मेंदूने सावलीतला निळसर उजेड धरला त्यांनी निळा वजा केला, हाती पांढरा-सोनेरी उरला. ज्यांनी दिव्याचा पिवळा उजेड धरला त्यांना निळा-काळा दिसला. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या पास्कल वॉलिश यांनी तर पुढे दाखवलं की पहाटे उठणाऱ्यांत पांढरा-सोनेरी पाहणारे जरा जास्त निघतात. हे सगळं मान्य. पण आमचा पाहुणा गोष्ट इथेच सोडतो. दुकानात तो ड्रेस निळा-काळाच विकला जात होता, हे पुढचं वाक्य त्याच्या तोंडून कधी येत नाही. पांढरा-सोनेरी म्हणणाऱ्यांनी तो उन्हात हातात धरला असता तर त्यांनाही निळाच दिसला असता. सगळा गोंधळ एका वाईट फोटोने घातला होता.

बरं, हा संशयही काही नवा नाही. जॉन लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्याने तो १६९० च्या सुमारास छापून ठेवला आहे, आणि उदाहरणाला त्याने दोन फुलं घेतली: व्हायलेट आणि झेंडू. एकाला झेंडू पाहून जो अनुभव येतो तोच दुसऱ्याला व्हायलेट पाहून येत असेल तर? दसऱ्याच्या तोंडावर आमच्याकडे झेंडूच्या मळ्यांनी डोळे दिपतात, तेव्हा लॉकसाहेबांच्या या प्रश्नावर आमचा थोडा हक्क आहे. (त्यांचा झेंडू वेगळ्या जातीचा असेलही, आपला मेक्सिकोकडून आला.) गंमत अशी की लॉकनेच पुढे म्हटलं आहे, असं असलं तरी बिघडत काही नाही. दोघंही त्याच फुलाला झेंडू म्हणतील, दोघंही झेंडू आणि व्हायलेट वेगळे ओळखतील, आणि फरकाचा पत्ता कुणालाच लागणार नाही. प्रश्न ज्याने काढला त्यानेच तो बाजूला ठेवला. तीनशे वर्षांनी आमचा पाहुणा तो उचलून आणतो आणि मला वाटतं की हा जेवणाच्या बिलाचाही रंग विचारणार.

डोळे वेगळे असतात, हे मात्र पक्कं आहे. त्याला तत्त्वज्ञान लागत नाही, शाळेतलं जीवशास्त्र पुरतं. डोळ्याच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या. त्यातल्या लाल आणि हिरव्याकडच्या दोन प्रकारांची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाकडे ते गुणसूत्र एकच, म्हणून बिघाड झाला तर भरून काढायला दुसरं नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्याची कमी-अधिक गफलत होते, बायकांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास. अणुसिद्धान्तामुळे आपल्याला माहीत असलेला जॉन डाल्टन हा त्यांपैकीच. त्याने १७९४ मध्ये स्वतःच्या या दोषावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातला द्रव निळा असावा म्हणून असं होतं, असा त्याचा तर्क होता, आणि मेल्यावर डोळे फोडून बघा असं तो सांगून गेला. १८४४ मध्ये तो वारला, डॉक्टरांनी बघितलं, द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्या डोळ्याची जनुकं १९९५ मध्ये तपासली तेव्हा खरं कारण सापडलं: हिरव्याकडच्या शंकूपेशींचं जनुकच त्याच्याकडे नव्हतं. माणूस कसा असावा तर असा. 'माझं वास्तव वेगळं' म्हणून तो बाजेवर आडवा झाला नाही, मेल्यावरही तपासायला डोळा देऊन गेला.

आमच्या आळीतही असा एक जण आहे. पिकला आणि कच्चा टोमॅटो त्याला रंगावरून कळत नाही. तरी तोड्याला येतो आणि हात चांगला चालतो. फळाच्या चकाकीवरून बघतो, बोटाने दाबून बघतो, आणि अडलं की पुढच्या सरीतल्या बायकोला विचारतो. जिथे आपला डोळा कमी पडतो तिथे दुसरं काहीतरी लावायचं, एवढं साधं व्यवहारज्ञान. हेच व्यवहारज्ञान पुण्यातल्या फिल्म इन्स्टिट्यूटला शिकवायला सर्वोच्च न्यायालय लागलं. तिथे २०१५ मध्ये एका तरुणाची चित्रपट संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी निवड झाली आणि तपासणीत रंगांधळेपणा निघाला म्हणून प्रवेश नाकारला गेला. न्यायालयाने समिती नेमली आणि एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं: रंगांधळ्यांना कुठल्याही अभ्यासक्रमाबाहेर ठेवू नका, लागेल तर अभ्यासक्रम बदला. चित्रपट चार जण मिळून करतात, एकाची उणीव दुसरा भरतो. आणि पडद्यावरच्या रंगाचं काम करणारे तज्ज्ञसुद्धा निव्वळ डोळ्यावर विसंबत नाहीत, शेजारी रंगाचा आलेख दाखवणारं यंत्र लावून बसतात.

म्हणजे डोळे वेगळे असतात हे ज्यांना खरोखर समजलं, त्यांनी मापं आणली. आणि ज्यांना त्यातला फायदा समजला, त्यांनी मापं येऊ दिली नाहीत. या दुसऱ्या जमातीशी माझं भांडण आहे.

ही जमात रंग सापेक्ष असल्याचं बोलते, पण धंदा मात्र सगळ्यांचे डोळे सारखे आहेत असं धरूनच करते. मंचरच्या बाजारात कांद्याची गोणी बघा. जाळी लाल. बारीक लाल रेषांमधून बघितलं की मेंदू रेषांचा रंग कांद्यात मिसळतो आणि फिकट कांदाही तजेलदार वाटतो. मॉलमध्ये संत्र्याला नारिंगी जाळी असते, हिरव्या भाजीला हिरवी. मटणाच्या दुकानात दिवा गुलाबीसर असतो, तोही उगाच नाही. तुमचा लाल आणि माझा लाल वेगळा असता तर या सगळ्या युक्त्या निम्म्या गिऱ्हाइकांवर फुकट गेल्या असत्या. त्या जात नाहीत. फसवताना सगळ्यांचे डोळे एकसारखे असतात. भाव द्यायची वेळ आली की प्रत्येकाची नजर वेगळी होते.

भाव द्यायची वेळ कशी असते ते जरा जवळून बघा. बाजाराचं नाव घेत नाही, आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला घ्यायची गरजही पडणार नाही. कॅरेट उतरलं. व्यापारी वरच्या फळांना हात लावत नाही. मनगटापर्यंत हात खुपसून तळातलं एक काढतो आणि देठाची बाजू वर धरतो. टोमॅटो टोकाकडून पिकत वर येतो, देठाजवळ लाली सगळ्यात शेवटी चढते, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक. देठाशी हिरवट-पिवळा खांदा दिसतो. "मामा, कलर नाही." मी फळ उलटं करून टोक दाखवतो, तोवर त्याची नजर पुढच्या कॅरेटवर. दहा पावलांवर दुसरा उभा आहे, त्याला लांबच्या गाडीसाठी माल हवा. तो त्याच तोड्यातलं दुसरं कॅरेट उघडतो. "लई लाल झालाय मामा, गाडीत रस होईल याचा." एकाच सकाळी, एकाच रानातला माल, एकाला कमी लाल, दुसऱ्याला जास्त लाल. भाव मात्र दोघांनीही पाडूनच मागितला. इथे लॉकने येऊन उभं राहावं, अशी माझी फार इच्छा आहे.

कुणी म्हणेल, दोघांची गरज वेगळी होती, त्यात लबाडी कसली? ठीक. मग २०२३ घ्या. त्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत राज्यात टोमॅटो इतका पडला की तोडणीची मजुरी सुटेना, लोकांनी माल रस्त्यावर ओतला. त्या दिवसांत कॅरेटमध्ये कलर शोधूनही सापडत नव्हता. खांदा हिरवा, डाग आहे, चिरलाय, बारीक आहे. जुलैत तोच टोमॅटो किरकोळीत शंभर-दीडशेच्या पुढे गेला, आणि बाजारात एकाएकी सगळ्यांची दृष्टी सुधारली. अर्धा हिरवा, चिरलेला, गोट्यांएवढा, सगळा माल 'कलर' ठरला. व्यापारी बांधापर्यंत यायला लागले. ऑगस्टमध्ये सरकारने नेपाळहून टोमॅटो आणायचं ठरवलं, सप्टेंबरात भाव पुन्हा आपटला, की लगेच खांदा परत हिरवा. माणसाच्या शंकूपेशी मे ते जुलैमध्ये बदलत नाहीत. बदलली ती गरज, आणि गरजेने डोळ्याचं नाव पुढे केलं.

आणखी एक उदाहरण आहे, त्यात तर रंगाबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. २०२० चा मे महिना, टाळेबंदी चालू. जुन्नर, अकोले, संगमनेरकडे टोमॅटोवर लाल, पिवळे, हिरवे चट्टे उठले, फळ आतून काळपट पडायला लागलं. लोकांनी त्याला 'तिरंगा व्हायरस' नाव ठेवलं. शेतकरी, मजूर, व्यापारी, कृषी अधिकारी, सगळ्यांना तो पिवळा पिवळाच दिसला. फाटे फुटले ते पुढे, कारणावर. शेतकरी म्हणाले बियाणं खराब. बियाणं विकणारे म्हणाले ऊन जास्त. आणि उन्हाचं म्हणणं अगदीच थाप नव्हतं: टोमॅटोला लाल करणारं लायकोपीन तिशीच्या वरच्या तापमानात नीट तयार होत नाही, मग फळात पिवळे-नारिंगी घटकच उरतात. एका हिंदी वृत्तवाहिनीने तर हा विषाणू कोरोनाहून भयंकर असल्याचा धुरळा उडवला, आणि उरलंसुरलं गिऱ्हाईकही पळालं. नमुने बेंगळुरूच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेत गेले, तिथून कुकुंबर मोझॅक विषाणूचं आणि त्याच्या जोडीला इतर विषाणूंचं नाव आलं. तोवर रानं उपटून झाली होती.

यातून मला काय दिसतं? डोळ्यांपुरतं बोलायचं तर माणसं आश्चर्य वाटावं इतकी एकमताची असतात. मतभेद सुरू होतात ते नुकसान कुणाच्या खात्यावर टाकायचं या प्रश्नापाशी. पण 'ज्याचं त्याचं वास्तव' ही चादर दोन्हींवर एकदम ओढली की कुणी कुणाला काही देणं लागत नाही.

सरकारही यात मागे नाही. पीक किती आलं याची पैसेवारी काढतात, तिची पहिली पायरी नजर अंदाज. डोळ्याने बघून लिहायचं. ५० पैशांच्या वर की खाली, यावर दुष्काळ आहे की नाही ते वर्षानुवर्षं ठरत आलं. आता आणे पठारावरची बाजरी गाडीतून बघणं आणि बांधावर उतरून बघणं यात किती पैशांचा फरक पडतो, ते पठारावरच्या कुणालाही विचारा. पुढे पीक कापणी प्रयोग होतात, वजनं होतात. म्हणजे माप सरकारला माहीत आहे. पण बातमी पहिल्या नजरेची होते.

कधी कधी तर दिसूनही दिसत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ कोकणातून वर चढलं आणि जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात हिरड्याची झाडं मोडून गेलं. बाळहिरडा वेचून विकणं हे तिथल्या महादेव कोळी घरांचं वर्षाचं नगदी उत्पन्न. झाड आडवं पडलेलं सगळ्यांना दिसत होतं, पंचनामेही झाले. पण भरपाई मिळवायला लोकांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले, कारण नियमांच्या डोळ्याला हिरडा पीक म्हणून दिसतच नव्हता. रंगांधळेपणाची चाचणी मंत्रालयात घ्यायची का, असा साधा प्रश्न आहे.

पण त्याच पश्चिम पट्ट्यात, भातखाचरांसाठी, एक फार सुंदर वस्तू आहे. पानाच्या रंगाचा तक्ता. मूळ कल्पना जपानची, पुढे फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ती आशियाभर नेली. प्लॅस्टिकची पट्टी, तिच्यावर फिकट पिवळट हिरव्यापासून गडद हिरव्यापर्यंत चार-सहा छटा. भाताचं पान तिच्यावर धरायचं, जुळलेली छटा बघायची, युरिया द्यायचा की नाही ते ठरवायचं. मला त्या पट्टीहून तिच्याबरोबरच्या सूचना जास्त आवडतात. अंगाच्या सावलीत धरा, उन्हात नको. दर वेळी त्याच सुमाराला बघा. शक्यतो त्याच माणसाने बघा. प्रकाश बदलतो, डोळे वेगळे असतात, ही सगळी अक्कल त्या तीन ओळींत आहे. आणि तिचा शेवट 'म्हणून काहीच सांगता येत नाही' असा केलेला नाही. आता मला सांगा, शेतकऱ्याने युरिया कमी टाकावा म्हणून रंगाचा तक्ता निघतो, तर शेतकऱ्याला पैसे मिळावेत म्हणून का निघत नाही?

निघालेला आहे, हे त्याहून चीड आणणारं. अमेरिकेच्या कृषी खात्याने टोमॅटोच्या पिकण्याच्या सहा पायऱ्या कधीच्याच ठरवल्या आहेत. पूर्ण हिरवा, मग दहाव्या हिश्श्यापर्यंत रंग फुटलेला, मग दहा ते तीस टक्के, तीस ते साठ, साठ ते नव्वद, आणि त्यावर पूर्ण लाल. सहा चित्रांचा कागद. आपल्याकडे ॲगमार्कची प्रतवारी कागदोपत्री आहे. २०१६ मध्ये ई-नाम आली तेव्हा आधी तपासणी आणि मग बोली, असं तिचं स्वरूप सांगितलं गेलं. मी मात्र कॅरेटसमोर उभं राहून तसला तक्ता धरणारा माणूस आजवर पाहिलेला नाही. माझ्या हिशेबाच्या पट्टीवर वजन छापलेलं असतं, हमाली छापलेली असते, तोलाई छापलेली असते. ज्या रंगावरून माझा भाव पडला तो रंग कुठेही लिहिलेला नसतो.

नजरच चालेनाशी झाली की काय होतं ते रात्री बघावं. अंधार पडायला लागला की शंकूपेशी थकतात आणि काम दंडपेशींकडे जातं. त्यांना लाल जवळजवळ दिसत नाही. म्हणून तिन्हीसांजेला लाल फूल आधी काळं पडतं आणि पान बराच वेळ उजळ राहतं. पुर्किंये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे नोंदवलं. पुढे सगळंच करडं. त्या करड्यात ऊस, आणि उसात बिबट्या, ज्याला आपल्याहून कितीतरी चांगलं दिसतं. रात्री मोटर चालू करायला जाणाऱ्याला तो ठिपकेदार सोनेरी देह कधीच दिसत नाही. दिसले तर विजेरीत दोन डोळे. शेतीला दिवसा वीज द्या, ही इथली मागणी कधीची आहे. विजेचं वेळापत्रक आखणारा दिव्याखाली बसून आखतो. बिबट्याचा टी-शर्ट घालून आलेला पाहुणा इथेही 'दोन्ही बाजूंचे दृष्टिकोन' समजून घ्यायला सांगतो. त्याने एकदा मध्यरात्री बारं द्यायला यावं. दृष्टिकोन नंतर बोलू, आधी दृष्टीचं बघू.

खोडदला मात्र उलट प्रकार आहे. तिथे आणि आसपासच्या पट्ट्यात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभारलेल्या. आमच्या लोकांचं या दुर्बिणीशी फारसं गूळपीठ नाही: तिच्या रेडिओ-शांततेपायी कारखाने नकोत, पुणे-नाशिक रेल्वे इथून नको, ही दुखणी खरी आहेत. पण एक गोष्ट तिच्याकडून शिकण्यासारखी. या थाळ्या टिपतात त्या रेडिओ लहरी कुठल्याही माणसाच्या डोळ्याला दिसत नाहीत. त्या नोंदींची चित्रं करतात तेव्हा त्यात भरलेले तांबडे-निळे रंग सरळसरळ माणसाने निवडलेले असतात. तरीही अशा चित्रावरून हवाई बेटांवरचा आणि हॉलंडमधला शास्त्रज्ञ वाद घालू शकतात, कारण चित्राच्या कडेला मोजपट्टी दिलेली असते: कुठल्या रंगाला किती तीव्रता. जे कुणालाच दिसत नाही त्याचा रंग ठरवताना इतकी सचोटी. आणि तिथून थोड्या अंतरावर, भर उन्हात, सगळ्या जगाला दिसणाऱ्या टोमॅटोच्या रंगाला मोजपट्टी नाही.

जातीजातीत फरक असतो, कुठल्या वाणाचा खांदा शेवटपर्यंत हिरवट राहतो, मग एकच तक्ता कसा चालेल, असं मला आताच कुणीतरी सांगेल. बरोबर आहे. वाणवार तक्ते करा, चार वाणांनी बहुतेक माल झाकला जाईल. उजेड बदलतो? सगळ्या गाळ्यांत एकाच जातीचे दिवे लावा. रंगांधळा व्यापारी असेल तर त्याने मदतनीस आणावा, आमच्या आळीतला माणूस तेच करतो. कॅरेट बघायचं तर अख्खं ओतून बघा. कुठल्या पायरीच्या मालाला आज किती भाव, हे बोलीच्या आधी फळ्यावर लिहा आणि रंगाची पायरी हिशेबाच्या पट्टीवर छापा. हे अशक्य म्हणणाऱ्यांनी आपल्या खिशातल्या नोटा काढून बघाव्यात. १०० ची फिकट जांभळी, २०० ची पिवळी, ५०० ची करडी, असं रिझर्व्ह बँकेने ठरवून जाहीर केलेलं आहे. २०० ची नोट मला थोडी कमी पिवळी वाटते म्हणून दीडशेलाच घेतो, असं म्हणणारा व्यापारी मला अजून भेटायचा आहे.

बाजाराच्या पुढच्या सभेत हा विषय मांडायचा म्हणून कागद लिहून ठेवला आहे. सहा चित्रं छापून घ्यायला फार तर एका कॅरेटचे पैसे पडतील, मंदीतल्या. रंग हा ज्याच्या त्याच्या नजरेचा प्रश्न आहे, असं उठून पहिल्यांदा कोण बोलणार तेही मला माहीत आहे. त्याच्या दोन गाड्या रोज दिल्लीला जातात.